काडी कोणाची?
कपाशीचे वावर आणि चहाचा मळा : मातीविषयीच्या एका विचाराचा प्रवास

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावला शिक्षकांच्या एका शिबिरात मातीविषयी बोलायला गेलो होतो. उन्हाळा नुकताच लागला होता. चर्चेच्या वेळी एका शिक्षकाने विचारले, "सर, भूगोलात आम्ही चहाचे मळे शिकवतो. उताराची जमीन, सावलीची झाडे, पालापाचोळ्याचे आच्छादन, सारे सांगतो. पण आमच्या पोरांनी चहा पाहिला तो कपातला. मळ्यातली माती कशी राखतात हे त्यांना शिकवून काय होणार?"

त्या वेळी मी काहीतरी वेळ मारून नेणारे उत्तर दिले. संध्याकाळी तेच शिक्षक मला गावाबाहेर घेऊन गेले. धुऱ्याधुऱ्यावर पऱ्हाट्यांचे ढीग पेटलेले होते. कपाशीची वेचणी संपली, झाडे उपटली, ढीग लावले आणि काडी ओढली. एका धुऱ्यावर बसलेले म्हातारे शेतकरी आमचे बोलणे ऐकून म्हणाले, "पहिले पऱ्हाटी चुलीत जळे, आता धुऱ्यावर जळते. जळते तं जळतेच."

या एका वाक्यात शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि शिक्षकांच्या प्रश्नाचे उत्तरही त्याच इतिहासात आहे. कारण चहाच्या मळ्यातील माती सुधारण्याचा एक मोठा विचार आसामात नव्हे, तर आपल्यासारख्याच काळ्या मातीत, आपल्यासारख्याच पऱ्हाटीवर प्रयोग करताना तयार झाला. तिथून तो चहाच्या मळ्यांत गेला. पऱ्हाटीच्या मुलखात मात्र तो नीट रुजला नाही. असे का झाले, हे पाहण्यासाठी हा लेख.

मातीला पांघरूण कशासाठी?

आधी थोडे विज्ञान. पावसाचा मोठा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला आठ-नऊ मीटर असतो. उघड्या मातीवर तो पडला की मातीचे कण सुटे होऊन उडतात. बारीक कण मातीच्या छिद्रांत जाऊन बसतात आणि वर पातळ पापुद्रा तयार होतो. मग पाणी मुरत नाही, वाहते. आणि वाहताना वरची, म्हणजे सर्वांत कसदार माती घेऊन जाते. धूप म्हणजे वाहत्या पाण्याचे काम, असे फार काळ मानले जाई. तिची सुरुवात थेंबाच्या आघातापासून होते, हे अमेरिकेतील एलिसन याने १९४४ च्या सुमारास प्रयोगांनी नीट दाखवले.

मातीवर पाला, गवत किंवा काडीकचऱ्याचा थर असेल तर तो थेंबाचा मार स्वतःवर घेतो. उन्हाळ्यात तोच थर मातीचे तापमान खाली ठेवतो आणि ओल उडू देत नाही. पुढे तो कुजतो, जिवाणू, बुरशा आणि गांडुळे यांचे अन्न होतो आणि त्याचा काही अंश ह्यूमस म्हणून मातीत टिकतो. ह्यूमसमुळे मातीचे कण एकमेकांना धरून राहतात आणि पाणी व अन्नद्रव्ये साठतात.

आंतरपिकाचे काम याच्याशी जोडलेले आहे. दोन पिकांची मुळे वेगवेगळ्या खोलीवर जातात आणि पाने वेगवेगळ्या वेळी जमीन झाकतात. त्यातले एक पीक द्विदल असेल तर त्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात. तुरीचे पाहा. सुरुवातीचे दोन महिने ती हळूहळू वाढते आणि कपाशीच्या आड येत नाही. पुढे तिचे मूळ खोल जाते आणि फुलोऱ्यानंतर तिचा पाला मोठ्या प्रमाणावर जमिनीवर गळतो. म्हणजे तूर हे आंतरपीकही आहे आणि थोडेफार आच्छादनही.

चहाच्या मळ्यात हीच कामे दुसरी झाडे करतात. चहाची दर काही वर्षांनी छाटणी होते आणि छाटलेल्या फांद्या जागीच पसरतात. वर सिरसाच्या कुळातली सावलीची झाडे असतात. तीही द्विदल, तीही पाला गाळणारी. जुना मळा मोडून नवा लावायचा असेल तर मधली दीड-दोन वर्षे त्या जमिनीत ग्वाटेमाला गवत वाढवतात आणि ते कापून तिथेच टाकतात.

दोन्ही मातींत फरक मात्र फार मोठा आहे. चहाला आम्लधर्मी माती लागते, सामू साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान. आपली काळी माती अल्कधर्मी, सामू आठच्या आसपास. चहाच्या मुलखात वर्षभर ओलावा असतो, तर आपल्याकडे ९०० ते १,००० मिमी पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि पुढे जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यामुळे मळ्यातली पद्धत उचलून वावरात आणता येत नाही. तत्त्व एक, रीत वेगळी.

जुन्या वावरांत काय होते?

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला. मारेगावचा परिसर पुढे 'वूण' जिल्ह्यात, म्हणजे वणीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात मोडू लागला. १९०५ मध्ये त्याच जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे आली, जिनिंगचे कारखाने आले आणि पऱ्हाटीखालची जमीन वाढत गेली.

तरीही बराच काळ वावरे एकजिनसी नव्हती. कपाशीच्या काही तासांनंतर तुरीचे तास, कडेने ज्वारी, मध्ये मूग-उडीद, कुठे अंबाडी अशी पेरणी असे. सरकारी अधिकाऱ्यांना ही सरमिसळ मागासलेपणाची खूण वाटे. इंग्लंडच्या शेतात ओळीने एकच पीक उभे असते, मग इथे हा गोंधळ का?

या प्रश्नाकडे आदराने पाहणारा एक माणूस १८८९ मध्ये हिंदुस्थानात आला. त्याचे नाव जॉन ऑगस्टस व्होल्कर. तो इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचा रसायनशास्त्रज्ञ होता. हिंदुस्थानची शेती सुधारण्यासाठी काय करावे हे सांगण्याकरिता त्याला धाडले होते. वर्षभर देशभर हिंडून त्याने लिहिलेला अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. इथला चांगला शेतकरी इंग्लंडमधील सामान्य शेतकऱ्याच्या तोडीचा, काही बाबतींत सरसच आहे, असे त्याने स्पष्ट नोंदवले. मिश्र पिके आणि पिकांची फेरपालट यांत शहाणपण आहे, हे त्याला दिसले.

असे म्हणायला त्याला नुकताच शास्त्राचा आधारही मिळाला होता. १८८६ मध्ये बर्लिन येथे भरलेल्या शास्त्रज्ञांच्या सभेत हेलरीगेलने वाटाणा आणि ओट यांच्यावरील प्रयोग मांडले. वाळूत लावलेला ओट नत्राचे खत दिल्याशिवाय वाढत नव्हता. वाटाण्याच्या मुळांवर गाठी आल्या की तो मात्र खताविना वाढत होता. १८८८ मध्ये बायजेरिंकने त्या गाठींतले जिवाणू वेगळे करून दाखवले. कपाशीत तूर पेरणाऱ्या शेतकऱ्याला जिवाणू ठाऊक नव्हते. तुरीच्या मागची जमीन चांगली असते एवढे त्याला ठाऊक होते. प्रयोगशाळेला त्याचे कारण सापडले.

चूल आणि उकिरडा

व्होल्करच्या अहवालात एक दुखरी जागाही आहे. शेण शेतात जाण्याऐवजी गोवऱ्या होऊन चुलीत जाते, हे त्याने पाहिले. पण त्याने शेतकऱ्याला अडाणी ठरवले नाही. जिथे सरपण मिळते तिथे शेतकरी शेण जाळत नाही. सरपण मिळेनासे झाले म्हणून तो शेण जाळतो, हे त्याने ओळखले. म्हणून त्याने गावाजवळ सरपण आणि चाऱ्यासाठी राखीव जंगले लावण्याची शिफारस केली.

त्याआधीच दहा वर्षे, १८८३ मध्ये, महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना याच साखळीवर बोट ठेवले होते. डोंगरावरचा पाला, गवत, जनावरांचे शेण-मूत पावसाबरोबर खाली शेतात येई आणि जमीन आपोआप कसदार होई. जंगल खात्याने डोंगर बंद केले, जनावरांची चराई गेली आणि ती साखळी तुटली, असे त्यांचे म्हणणे होते. ताली-बंधारे बांधून पाणी आणि गाळ शेतात मुरवावा, असा उपायही त्यांनी सुचवला.

वऱ्हाडात ही साखळी आणखी एका बाजूने तुटत होती. पऱ्हाटी वाढली तशी गायराने नांगराखाली गेली. चराई कमी म्हणजे जनावरे कमी, जनावरे कमी म्हणजे शेण कमी. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर लाकूडफाटाही आवाक्याबाहेर गेला. मग चुलीत काय घालायचे? गोवऱ्या, तुराट्या आणि पऱ्हाट्या. ज्वारीचा कडबा आणि तुरीचे कुटार बैलांना. वावरातून निघालेल्या प्रत्येक काडीवर कोणाचा तरी हक्क होता. मातीचा हक्क सर्वांत शेवटी येई, आणि तोवर काही उरत नसे.

चहाच्या मातीतून पुण्याला

याच सुमारास चहाच्या मातीचा अभ्यास करणारा एक शास्त्रज्ञ महाराष्ट्रात आला. हॅरोल्ड मान हा इंडियन टी असोसिएशनचा वैज्ञानिक अधिकारी होता. आसामातील चहाची माती आणि तिचे खत या विषयावर १९०१ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. मळेवाल्यांनी जंगल तोडून चहा लावला, तेव्हा जमिनीत शेकडो वर्षांच्या पालापाचोळ्याची पुंजी होती. चाळीस-पन्नास वर्षांत ती संपत आली, हा त्या काळातल्या चहा-शास्त्रज्ञांपुढचा प्रश्न होता.

१९०७ मध्ये मान पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. इथे त्याने मातीबरोबर माणसांचाही हिशेब मांडायला घेतला. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा त्याने केलेला अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जमिनीचे तुकडे किती, कर्ज किती, उत्पन्न किती, याची घरोघर नोंद होती. गावातील बहुसंख्य कुटुंबांचे केवळ शेतीवर भागत नाही, हा निष्कर्ष त्या काळी धक्कादायक होता. दुसऱ्या गावाच्या अभ्यासात एन. व्ही. कानिटकर त्याचे सहलेखक होते. हेच कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीच्या संशोधनात अग्रणी ठरले. १९३३ पासून सोलापूरच्या केंद्रात उताराच्या तुकड्यांवरून पावसात किती पाणी आणि किती माती वाहून जाते, याची मोजमापे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. आपल्या देशात असे काम तेव्हा नवे होते.

कोरडवाहू भागातल्या शेतकऱ्याजवळ काडीकचरा नव्हता, पण आच्छादनाची एक रीत होती. ती म्हणजे कोळपणी, आपल्याकडची डवरणी. वरची दोन-तीन बोटे माती भुसभुशीत केली की भेगा बुजतात आणि खालची ओल वर येऊन उडत नाही. मातीचेच मातीला पांघरूण. 'एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी' असे शेतकरी म्हणतात ते यामुळे. मात्र या पांघरुणाने ओल राखली तरी मातीचे पोट भरत नाही, आणि जोराच्या पावसात ते वाहूनही जाते.

इंदूर : पऱ्हाटी रस्त्यावर

आता या कथेतले मुख्य पात्र. आल्बर्ट हॉवर्ड १९०५ मध्ये बिहारातील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आला. आसपासचे शेतकरी आणि पिकांवरच्या किडी हेच आपले प्राध्यापक, असे तो म्हणे. १९२४ मध्ये त्याने आणि त्याची पत्नी गॅब्रिएल हिने इंदूरला वनस्पती-उद्योग संस्था सुरू केली. जमीन होळकर संस्थानाची, आर्थिक मदत प्रामुख्याने मध्यवर्ती कापूस समितीची. म्हणजे ही संस्था कपाशीसाठी होती आणि तिची माती काळी होती.

हॉवर्डपुढचा प्रश्न मारेगावच्या धुऱ्यावरचाच होता. शेण पुरेसे नाही, कारण ते जळते. मग थोड्या शेणात भरपूर काडीकचरा कुजवता येईल का? पऱ्हाटी आणि तुराटी टणक असतात, त्यांत कर्ब भरपूर आणि नत्र अगदी कमी. कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्बाबरोबर नत्रही लागतो. नुसती पऱ्हाटी मातीत गाडली तर जिवाणू मातीतलाच नत्र उचलतात आणि पुढचे पीक काही काळ पिवळे पडते. 'काडी गाडली आणि पीक बसले' हा अनेकांचा अनुभव खोटा नाही.

हॉवर्ड आणि त्याचे सहकारी यशवंत वाड यांनी यावर साधी युक्ती केली. पऱ्हाट्या आणि तुराट्या शेतातल्या रस्त्यांवर पसरल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली आणि जनावरांच्या खुरांखाली त्या चेचल्या जाऊन भुशासारख्या झाल्या. मग त्या गोठ्यात अंथरल्या. त्यांत मूत मुरले, शेण मिसळले. पुढे थोडी राख, गोमूत्राने भिजलेली माती आणि पाणी घालून खड्ड्यात थर दिले, ठरावीक दिवसांनी उलथापालथ केली आणि सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार झाले. हीच इंदूर पद्धत. चीनमधल्या शेतकऱ्यांच्या खत करण्याच्या रीतीचा हॉवर्डवर प्रभाव होता आणि ते त्याने मोकळेपणाने मान्य केले. १९३१ मध्ये हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावाने पुस्तक निघाले. हॉवर्डचे नाव जगभर झाले. वाडांचे नाव मात्र आज क्वचितच कोणी घेतो.

मळेवाल्यांनी उचललेली गोष्ट

हॉवर्ड १९३१ मध्ये हिंदुस्थान सोडून गेला. इंदूर पद्धत मात्र पसरत राहिली, आणि ती सर्वांत आधी उचलली ती मळेवाल्यांनी. आफ्रिकेत कॉफीच्या मळ्यांत, बंगाल, आसाम आणि सिलोनमध्ये चहाच्या मळ्यांत. १९३७-३८ च्या हिवाळ्यात हॉवर्ड स्वतः हिंदुस्थान व सिलोनमधील चहाचे मळे पाहून आला. १९४० मध्ये आलेल्या त्याच्या प्रसिद्ध पुस्तकात, भूतानच्या पायथ्याशी असलेल्या डुआर्स भागातील गांद्रापाडा मळ्यावर खत कसे बनवले जाई याची सविस्तर माहिती परिशिष्ट म्हणून दिली आहे.

चहाच्या मळ्यांना याची गरज होतीच. एके काळी 'स्वच्छ मळा' हे चांगल्या मळ्याचे लक्षण मानत. गवताचे एक पातेही दिसता कामा नये. सिलोनच्या उतारांवर या स्वच्छतेने इतकी माती वाहून गेली की १९३१ मध्ये तिथल्या सरकारी समितीला जमिनीच्या धुपीवर अहवाल द्यावा लागला. पुढे मळ्यांत सावलीची झाडे, हिरवळीची पिके आणि छाटणीचे आच्छादन यांना मान मिळाला.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. कंपोस्ट दिले की रासायनिक खत नको आणि रोगही येत नाहीत, हा हॉवर्डचा दावा होता. आसामातील टोकलाई येथे १९११ पासून चहाचे संशोधन केंद्र आहे. तिथल्या दीर्घकालीन प्रयोगांत अमोनियम सल्फेटने चहाचे उत्पन्न स्पष्ट वाढलेले दिसले. पण हेच खत वर्षानुवर्षे दिल्याने माती अधिकाधिक आम्ल होत जाते, हेही खरे. दोन्ही बाजूंकडे सत्याचा अंश होता. आजचे शास्त्र सांगते की सेंद्रिय द्रव्य हे मातीच्या बांधणीसाठी अपरिहार्य आहे, आणि मोठे उत्पन्न बाहेर काढून नेत असाल तर गेलेली अन्नद्रव्ये कुठून तरी परत द्यावी लागतात.

मळेवाल्यांनी ही पद्धत पटकन का उचलली? त्यांच्याकडे भांडवल होते आणि कमी मजुरीवर राबणारे मजूर होते. मळ्याची जमीन अनेक दशके त्यांच्याच हाती राहणार होती. मुख्य म्हणजे छाटणीच्या फांदीवर दुसऱ्या कोणाचा हक्क नव्हता. ती कंपनीची होती आणि कंपनीला ती मळ्यात टाकणे परवडत होते. ज्या कपाशीच्या शेतकऱ्यासाठी ही पद्धत शोधली गेली, त्याच्या घरी मात्र पऱ्हाटीची वाट चूल पाहत होती.

पुन्हा वर्ध्याच्या काठी

१९३५ मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला गेले होते. त्याच वर्षी 'हरिजन'मध्ये इंदूर पद्धतीची माहिती छापून आली. तेव्हा गांधीजींच्या कामाचे केंद्र वर्धा हे होते, म्हणजे मारेगावपासून नदी ओलांडून फार लांब नाही. ग्रामोद्योग आणि सफाईच्या कामात कंपोस्टला जागा मिळाली.

या परंपरेतले पुढचे नाव यवतमाळ जिल्ह्यातलेच आहे. पुसदचे गांधीवादी कार्यकर्ते नारायण देवराव पांढरीपांडे. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांची पद्धत 'नाडेप' म्हणून देशभर ओळखली जाते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असे विटांचे टाके, भिंतींत हवेसाठी ठेवलेली भोके. आत सुमारे चौदाशे-पंधराशे किलो काडीकचरा, शेण फक्त शंभर किलोच्या आसपास, पावणेदोन टन चाळलेली माती आणि पाणी. उलथापालथ करावी लागत नाही. तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत मिळते. हॉवर्डचाच प्रश्न, थोड्या शेणात जास्त काडी कशी कुजवायची, त्यांनी आणखी पुढे नेला. हॉवर्डने काम सुरू केले ते बिहारातल्या पुसाला आणि त्या विचाराला नवे रूप मिळाले ते आपल्या पुसदला, हा योगायोग मुलांना सांगण्यासारखा आहे.

मग आच्छादन आणि आंतरपीक कुठे गेले?

१९७० मध्ये सुरतेहून 'एच-४' हे कपाशीचे पहिले संकरित वाण आले. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि दहा-बारा वर्षांत विदर्भाची बहुतेक सारी कपाशी बीटी झाली. बीटीत आंतरपीक घेता येत नाही असे मुळीच नाही. पण बियाणे महाग, त्यामुळे प्रत्येक तास कपाशीचाच हवा असे वाटू लागले. तणनाशक आले, कपाशीत चालणारे तणनाशक आंतरपिकाला चालतेच असे नाही. ज्वारीवर पाखरे आणि तुरीवर रोही-रानडुकरे तुटून पडू लागली. बैलजोड्या कमी झाल्या, तसे कडब्याचे महत्त्वही घटले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने कपाशी, ज्वारी, तूर, ज्वारी अशा ६:१:२:१ ओळींची शिफारस केलेली आहे. ती कागदावर राहिली आणि वावरे एकजिनसी झाली.

याच काळात गॅस आला आणि चूल मागे पडली. म्हणजे सव्वाशे वर्षांत पहिल्यांदाच पऱ्हाटीवरचा चुलीचा हक्क सैल झाला. आता तरी ती मातीत जायला हवी होती. पण २०१७ मध्ये महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने हाहाकार केला. ही अळी झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत राहते. म्हणून फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वावरात उभी ठेवू नका, असा सल्ला दिला जातो आणि तो बरोबरच आहे. मात्र 'पऱ्हाटी हलवा' याचा अर्थ घाईच्या दिवसांत 'पऱ्हाटी जाळा' असा झाला. वास्तविक राहिलेली बोंडे शेळ्या-मेंढ्यांना चारून, पऱ्हाटीचे यंत्राने तुकडे करून ती ढिगात नीट कुजवली तर ढिगाच्या आतले तापमान साठ अंशांपर्यंत चढते आणि अळी मरते. जाळली तर कर्ब आणि नत्र हवेत जातात आणि उरलेली राख धुऱ्यावरच राहते.

एक हिशेब वर्गात फळ्यावर मांडता येईल. एका हेक्टरातील वरच्या १५ सेंमी मातीचे वजन सुमारे २,००० टन भरते. तिच्यात अर्धा टक्का सेंद्रिय कर्ब असेल तर तो झाला १० टन. हेक्टरी अडीच टन पऱ्हाटी निघाली तर तिच्यात साधारण १.१ टन कर्ब असतो. कुजताना त्यातला बहुतेक कर्बवायू होऊन उडतो. सातवा-आठवा हिस्सा, म्हणजे सुमारे ०.१५ टन, टिकाऊ ह्यूमस होतो. आता मातीतला कर्ब ०.५ वरून ०.६ टक्क्यांवर न्यायचा तर २ टन कर्ब वाढायला हवा. २ भागिले ०.१५ म्हणजे तेरा-चौदा वर्षे, आणि तेही मातीतला जुना कर्ब घटत नाही असे धरून!

हा आकडा निराश करणारा वाटेल. पण आंतरपिकाचा पाला, मुळे, शेणखत आणि थांबलेली धूप यांची त्यात भर पडते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत १९७६ पासून काळ्या मातीत एक दीर्घ प्रयोग झाला. रुंद वरंबे, तूर घातलेली आंतरपीक पद्धत आणि बेताची खते, अशा एकत्रित उपायांनी हेक्टरी सरासरी पाच टनांच्या आसपास धान्य मिळत राहिले. शेजारच्या पारंपरिक तुकड्यात एक टनाच्या आसपास. शिवाय सुधारित तुकड्यातला कर्ब वाढत गेला. ही वाढ एकट्या आंतरपिकाची नाही हे खरे, पण काळी माती सुधारते, एवढे त्यावरून ठाम म्हणता येते.

प्रश्न वर्षांचा आहे. तेरा वर्षांचा विचार कोण करू शकतो? चहाची कंपनी करू शकली. ज्याने वावर एका हंगामासाठी मक्त्याने घेतले आहे, तो पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या हाती जाणाऱ्या मातीत पऱ्हाटी का कुजवील? ज्याचे कर्ज मार्चअखेर फेडायचे आहे, त्याला तुकडे करणाऱ्या यंत्राचे भाडे कुठून परवडेल? पिंपळे सौदागरच्या घरोघरच्या हिशेबातून मानने जे पाहिले, ते आजही खरे आहे. मातीचे आरोग्य हे घराच्या हिशेबाशी बांधलेले असते. आच्छादनाचे ज्ञान आपल्याकडे कधीच कमी नव्हते. काडी मातीला देण्याची ऐपत कमी होती.

वर्गात काय करावे?

त्या शिक्षकांना मी पुढे पत्राने तीन गोष्टी कळवल्या, त्या इथेही देतो.

पहिली. प्लास्टिकच्या दोन सारख्या बाटल्या आडव्या ठेवून वरची बाजू कापा. दोन्हींत धुऱ्याजवळची काळी माती सारखी भरा आणि तोंडाच्या बाजूला थोडा उतार द्या. एका मातीवर कुटाराचा किंवा पाल्याचा थर द्या. झारीने दोन्हींवर सारखेच पाणी घाला आणि तोंडातून येणारे पाणी ग्लासात धरा. कोणत्या ग्लासातले पाणी गढूळ, किती, आणि कधी आले, हे मुलांना लिहू द्या.

दुसरी. ऑगस्टअखेर तुरीचे एक रोप मुळासकट हलकेच खणून काढा. काळ्या मातीत ओढले तर गाठी तुटतात. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग दिसला तर नत्र बांधण्याचे काम चालू आहे. शेजारची पऱ्हाटी काढून तिच्या मुळाशी तुलना करा.

तिसरी. मुलांना घरच्या आजी-आजोबांकडे पाठवा. तुमच्या लहानपणी वावरात कोणकोणती पिके एकत्र होती? पऱ्हाटीचे काय करत? कुटार कोणाला, गोवऱ्या कशाला, खत कोणत्या वावराला? आज त्यातले काय कुठे जाते? दोन रकान्यांचा तक्ता करा. तो इतिहासाचाही पाठ आहे आणि विज्ञानाचाही.

पोरांनी चहा फक्त कपात पाहिला आहे, हे खरे. पण त्यांच्या बापाच्या वावरातली जी पऱ्हाटी काल संध्याकाळी धुऱ्यावर जळाली, तिच्यावर प्रयोग करूनच चहाच्या मळ्यांना खत मिळाले, हे त्यांना सांगता येईल. मग ती काडी कोणाची, हा प्रश्न ती मुले स्वतःच विचारतील.